विषाच्या दाराशी डोळे बघताना

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मोबाइलवर मालिका बघायचा फार नाद आहे. वार्षिक सभा आटोपल्यावर समोसे खाताना त्यांनी मला एका कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, तुम्ही त्या केमिकल कंपनीत होतात ना? मग खरं सांगा. एकटा माणूस तो युद्धातला विषारी वायू बनवू शकतो का? मी बघतोय त्या मालिकेत एक जण चारकोपच्या गाळ्यात बसून बनवतो."

मी म्हटलं, "मी केमिस्ट नाही, मी नर्स. पण एवढं सांगते, पहिला मरेल तो तोच. दुसरा मरेल शेजारच्या गाळ्यात बटणं बनवणारा. तुमची मालिका पहिल्याच भागात संपेल."

सेक्रेटरी खूप हसले आणि आणखी एक समोसा घेऊन गेले. मला मात्र घरी आल्यावर झोप लागेना. बटणं बनवणाऱ्याचा चेहरा डोळ्यापुढे आणायला गेले तर दर वेळी गायकवाडचा चेहरा यायचा. म्हणून हे लिहायला बसले.

मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, पिकांवर फवारायची कीटकनाशकं बनवणारा एक कारखाना होता. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांच्या नावात हिरवळ आहे. त्या कारखान्यात मी नर्स म्हणून लागले आणि शेवटचा ट्रक बाहेर पडेपर्यंत राहिले. नर्स म्हटलं की लोकांना हॉस्पिटल दिसतं. माझं हॉस्पिटल म्हणजे गेटजवळची एक खोली, दोन खाटा, ऑक्सिजनचा सिलिंडर, उताऱ्याच्या इंजेक्शनांचं कपाट आणि एक फ्रीज, ज्यात माझी नजर चुकवून कामगार ताकाच्या बाटल्या ठेवायचे. दिवसभरात काहीही घडलं नाही की माझं काम झालं. अकाउंटवाले मला तोंडावर म्हणायचे की सिस्टर बसून पगार खातात. मी म्हणायचे, मी उभी राहिले तर तुम्ही पळाल.

हे विष करतं काय, ते साध्या शब्दांत सांगते. शरीरात नस स्नायूला हुकूम देते, आवळ. स्नायू आवळतो. मग तो हुकूम पुसून टाकणारं एक द्रव्य आपल्या अंगातच असतं, ते आपलं काम करतं आणि स्नायू सैल पडतो. हे विष त्या पुसणाऱ्यालाच मारतं. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी, तसं होतं. डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी, तोंडाला लाळ, घाम, छातीत कफ. अंगावरचे स्नायू आपोआप उडायला लागतात. शेवटी श्वास घेणारे स्नायू थकून थांबतात. माणूस शुद्धीवर असताना आपल्याच पाण्यात बुडतो, असं म्हटलं तरी चालेल.

युद्धात वापरायचा तो वायू आणि आमचं कीटकनाशक ही एकाच घराण्यातली. थोरला माणसांसाठी बनवलेला, धाकटा किडीसाठी. पण किडीत आणि माणसात फरक करायची अक्कल धाकट्यालाही फारशी नव्हती. जालन्याकडच्या माझ्या गावात कापसावर फवारा मारून आलेली माणसं बांधावर ओकताना मी लहानपणी पाहिली होती. आमचे लोक म्हणायचे, ऊन लागलं. ते ऊन नव्हतं, हे मला मुलुंडला येऊन कळलं.

हा धाकटा बनवतानाच आमच्या इंजिनीअरांची दमछाक व्हायची. जरा ओल लागली की बिघडणार, जरा तापलं की बिघडणार. टाक्या, नळ्या, झडपा, ज्याला स्पर्श होईल ते झिजणार. मेन्टेनन्सवाले वर्षभर काहीतरी बदलतच असायचे आणि शिव्या घालत असायचे. तरी मला विचाराल तर बनवण्यापेक्षा ठेवणं कठीण. लोणचं मुरतं, दारू मुरते. विष मुरत नाही, नासतं. आणि नासता नासता ज्यात ठेवलंय ते भांडं आतून खातं. त्यात मुंबईची हवा, एका बाजूला खाडी. नवा कोरा ड्रम दोन पावसाळ्यांत आजारी माणसासारखा दिसायला लागायचा. कुठे फुगलेला, कुठे शिवणीवर गंज. ड्रम फुगला की गोदामवाले त्याच्याजवळून जाताना आवाज खाली आणायचे. का ते कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही आणायचे.

आमच्यासारख्या कारखान्यांत कधीमधी परदेशी तपासनीस यायचे. धाकट्याच्या नावाखाली थोरला तर जन्माला घालत नाही ना, हे बघायला. देशोदेशींचा तसा करार आहे. त्यातले एक म्हातारे गृहस्थ माझ्या खोलीत बराच वेळ बसले. ज्या देशांनी तो थोरला बनवून साठवला, त्यातल्या एका देशाचे ते. आमचे साहेब मध्ये बसून मराठीत सांगत होते. ते म्हणाले, आमच्याकडे बनवणाऱ्यांनी बनवलं आणि ते निवृत्त झाले, पण ते सांभाळण्यात आणि नष्ट करण्यात पुढच्या लोकांचं आयुष्य गेलं. कोठारं कायम कुठेतरी गळायची. गळती कळावी म्हणून आत सशांचे पिंजरे ठेवलेले असायचे. तरुणपणी त्यांचं काम होतं सशांचे डोळे बघायचं. सशाच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली की सगळ्यांनी बाहेर पळायचं.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय ठेवता?

मी म्हटलं, "आमच्याकडे परब आणि गायकवाड आहेत."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही. पण मी खोटं बोलले नव्हते. या विषाची सगळ्यात उघड खूण डोळ्यात दिसते. सावलीत माणसाची बाहुली मोठी होते. विषबाधा झालेल्याची होत नाही, मोहरीएवढी होऊन बसते. घाम बघून आम्हाला काही कळायचं नाही, कारण आत जाताना रबरी सूट घालावा लागायचा आणि तो घालून मुंबईत कोण घामाघूम होत नाही? म्हणून डोळे. विभागाच्या दाराबाहेर मुद्दाम पत्र्याची शेड टाकली होती. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर जोडीदारांनी त्या सावलीत समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांच्या डोळ्यात बघायचं. ठीक असेल तर म्हणायचं, "मोठे आहेत, जा." नसेल तर दंड धरून माझ्याकडे आणायचं. हवा तपासायची यंत्रं होती, मी दर महिन्याला सगळ्यांचं रक्त घेत होते, ते सगळं खरं. पण यंत्र बंद पडतं आणि रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. डोळे लगेच सांगतात.

याची सवय इतकी लागायची की एका कामगाराची बायको माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. भांडण झालं की हा मला उंबऱ्यात उभी करून माझ्या डोळ्यात बघतो, म्हणाली, मला वाटतं आता काहीतरी प्रेमाचं बोलेल, तर म्हणतो ठीक आहे आणि जेवायला बसतो.

परब आणि गायकवाडची जोडी सगळ्यात जुनी. परब मालवणकडचा, बाप गिरणीत होता, गिरणी गेल्यावर कुटुंब विक्रोळीच्या चाळीत आलं. अंगाने काटकुळा, तोंडाने फाटका. गायकवाड आमच्या जालन्याकडचाच, आमच्याच समाजाचा, घाटकोपरच्या टेकडीवर राहणारा. शांत माणूस, पान-तंबाखूचं व्यसन नाही, चहा तेवढा चार माणसांचा प्यायचा. परबच्या डब्यातलं तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आणि गायकवाडच्या डब्यातला ठेचा मध्ये ठेवून दोघं जेवायचे. एकदा कंपनीची सहल मनोरीला गेली. मार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताना हे दोघं थांबले, समोरासमोर उभे राहिले आणि सवयीने एकमेकांच्या डोळ्यात बघितलं. "मोठे आहेत, जा," परब म्हणाला. अख्खी बोट हसली. त्या दोघांच्या बायकासुद्धा, आणि आईच्या पदराला धरून उभी असलेली परबची पोरगी वैशालीसुद्धा.

तीच वैशाली मोठी झाली, बँकेत लागली आणि तिने गायकवाडच्या मिलिंदशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. परबला ते लग्न लागून गेल्यावर फोनवर कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर काय होतंय याकडे सगळ्या कारखान्याचं लक्ष होतं. मीही खिडकीत उभी होते, का खोटं बोलू? परब आला. सूट चढवला. शेडखाली गायकवाडसमोर उभा राहिला, त्याच्या डोळ्यात बघितलं, आणि माशी हाकलावी तसा हात केला. बोलला नाही. गायकवाडने मात्र नेहमीसारखं म्हटलं, "मोठे आहेत, जा." काही दिवस तो एकटाच म्हणत राहिला. मग त्यानेही सोडलं. माणूस भिंतीशी किती दिवस बोलेल?

नंतर परब माझ्या खोलीत आला. जोडी बदलून द्या म्हणाला. मी नाही म्हटलं. ज्याने वर्षानुवर्षं एक डोळा बघितलाय त्यालाच त्यातला फरक सगळ्यात आधी कळतो, असं माझं मत होतं. आजही आहे. साहेबांनाही मी तेच सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. परब उठला आणि दारातून म्हणाला, "तुम्ही सिस्टर, तुमच्याच माणसाची बाजू घेणार."

मला तेव्हा जो राग आला तो अजून आठवला तरी कानाच्या पाळ्या तापतात. इतकी वर्षं याच्या नाडीवर बोटं ठेवली, ताप उतरवले, याच्या आईच्या औषधांसाठी डॉक्टरांना फोन केले, तेव्हा मी कुणाची होते? मी म्हटलं, "परब, तुमचं रक्त दर महिन्याला मीच घेते. त्यात काही वेगळं दिसलं असतं तर तुम्हाला कळवलं असतं."

तो गेला. माझ्याशी बोलणं मात्र त्याने टाकलं नाही. गायकवाडशी टाकलं ते टाकलंच. तरी रोज दोन वेळा, चार वेळा, त्या शेडखाली ते दोघं समोरासमोर यायचे. बोलत नाही त्या माणसाच्या थेट डोळ्यात बघायचं, तेही तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळून. जगात दुसऱ्या कुठल्या कामावर कुणाला अशी शिक्षा असेल असं मला वाटत नाही. मला आपली आशा होती की रोज बघता बघता कधीतरी बर्फ वितळेल. नवरा-बायकोंचं नाही का होत?

मग कारखाना बंद करायचं ठरलं. धंदा गुजरातेत गेला, जागा बिल्डरने घेतली. माणसं हिशेब घेऊन पांगली. मागे राहिलं गोदाम. जुना, न विकलेला, मुदत संपलेला माल. तो फेकता येत नाही, गटारात सोडता येत नाही, तसाच ट्रकवर चढवता येत नाही. एकेक जुना ड्रम उचलून नव्या मोठ्या ड्रममध्ये बसवायचा, झाकण आवळायचं आणि नष्ट करणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं. बनवायला शेकडो माणसं होती. निस्तरायला आम्ही मूठभर उरलो. त्यात परब आणि गायकवाड होते, कारण गोदामातला कुठला ड्रम कुठे धरायचा हे त्यांच्या हातांना माहीत होतं. आणि मी होते, कारण ते होते.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी गायकवाड सकाळी रजेवर होता, जेवणानंतर आला. मी खालच्या गेटवर ट्रकच्या माणसांना सूचना देत होते, त्यामुळे तो आत येताना मला दिसला नाही. काळा चष्मा लावून आला होता म्हणे आणि वॉचमनने त्याला हीरो म्हणून चिडवलं होतं. चष्मा काढून, सूट घालून तो शेडखाली उभा राहिला. परबने बघितलं. बाहुल्या मोठ्या होत्या. त्याने माशी हाकलावी तसा हात केला. दोघं आत गेले.

चहाच्या वेळी ते बाहेर आले तेव्हा मी खोलीत परतले होते. खिडकीतून पुन्हा तेच दिसलं. सूट उतरवला, समोरासमोर उभे राहिले, परबने बघितलं, हात केला, आणि नळाकडे गेला. गायकवाड बाकावर बसला. चहा आला. त्याने कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

मग तो थुंकला. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा.

मी आधी सांगितलंय, त्या माणसाला तंबाखू नाही, सुपारी नाही. इतक्या वर्षांत मी त्याला कधी थुंकताना बघितलं नव्हतं. आणि चहा खाली ठेवताना तर नाहीच. मी धावले. नाडी मंद लागत होती. छातीत घरघर होती. पायजम्याखाली मांडीचा स्नायू आपोआप उडत होता, कातडीखाली किडे फिरावेत तसा. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मी त्याची हनुवटी वर केली, डोळे बघितले, आणि बाहुल्या मोठ्या. सगळं अंग विष म्हणत होतं आणि डोळे नाही म्हणत होते. क्षणभर माझंच डोकं चालेना.

"गायकवाड, डोळ्यांना काय केलंय?"

त्याची जीभ जड झाली होती. "सकाळी थेंब घातलेत, सिस्टर. घाटकोपरला, साखरेसाठी डोळे बघायला. वैशाली घेऊन गेली होती. धूसरच दिसतंय तेव्हापासून."

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब. डोळ्याचे डॉक्टर पडदा तपासण्यासाठी घालतात ते. त्या थेंबांनी मोठी झालेली बाहुली विष आलं तरी सहसा लहान होत नाही. आणि विषाने दिसायला धूसर झालं असेल तरी तो बिचारा समजत होता, थेंबांमुळे आहे.

माझ्या पाठीमागे परब उभा होता. ओले हात तसेच धरून. वैशालीचं नाव त्याने ऐकलं होतं.

मी त्याला म्हटलं, हातमोजे घाल आणि याचा बूट काप. पुढचं सगळं त्याने केलं. आत उचललेल्या एखाद्या ड्रमच्या बुडाची शिवण उसवली असणार. गमबुटाच्या आत, डाव्या पायाचा मोजा ओला होता. मी मांडीत इंजेक्शन दिलं आणि दुसरं भरायला घेतलं. परबने त्याला उचलून शॉवरखाली धरलं, कपडे फाडून काढले आणि साबण लावून लहान पोराला आंघोळ घालावी तसा धुतला. माझ्याशी, साहेबांशी तो नेहमी मुंबईचं बोलायचा. तेव्हा नुसतं मालवणी बोलत होता. "श्वास घे रे. घे श्वास. माझ्याकडे बघ. कित्याक सांगूक नाय माका? कित्याक सांगूक नाय?"

का सांगितलं नाहीस, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि उत्तर त्यालाच माहीत होतं. बोलणं असतं तर गायकवाड शेडखाली हसत म्हणाला असता, अरे आज डोळे बघू नको, तुझ्या पोरीने थेंब घालून आणलेत. एवढं एक वाक्य. मग परबने त्याला आतच जाऊ दिलं नसतं.

अँब्युलन्समध्ये मी ऑक्सिजन धरून बसले होते. परबचे कपडेही काढून टाकायला लावले होते, त्यामुळे तो माझ्या खोलीतली चादर गुंडाळून बसला होता. हॉस्पिटलच्या दारात वैशाली आणि मिलिंद आधीच पोचलेले. लग्नानंतर बापाला तिने पहिल्यांदा बघितलं ते असं, उघड्या अंगावर कंपनीची चादर. तिने आपली ओढणी काढून त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ती घट्ट धरून ठेवली.

गायकवाडला नळी घालून मशीनवर ठेवलं. वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हते, कारण मला कळत होतं. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली. वैशाली तिच्याजवळून उठून बापाशेजारी आली आणि म्हणाली, "बाबा, मीच नेलं होतं पप्पांना. मी त्यांना कामावर जाऊ नका म्हणायला हवं होतं."

परब म्हणाला, "तुका काय म्हायत." मग माझ्याकडे न बघता, जमिनीला सांगावं तसं बोलला, "डोळे मोठे दिसलेले माका. रोजच्यापेक्षा मोठे. माका वाटला, तो माझ्यार डोळे वटारता. म्हणान मी धड बघूकच नाय."

ज्याला त्या डोळ्यातला फरक सगळ्यात आधी कळेल असं मी साहेबांना सांगितलं होतं, त्याला तो कळला होता. त्याने त्याचा अर्थ आपल्या रागाप्रमाणे लावला, एवढंच. शिवण फक्त ड्रमची उसवत नाही.

परब रोज यायचा. काचेतून बघून जायचा. एका दुपारी गायकवाडची नळी काढली. उताऱ्याच्या औषधाने त्याच्या बाहुल्या आता खरोखरच बशीएवढ्या झाल्या होत्या, ते औषध तसंच असतं. परबला आत सोडलं. सवयीने तो वाकला, डोळ्यात बघायला गेला, आणि थांबला.

"डोळ्यांचा सोड," तो म्हणाला. "तोंडान सांग. कसो आसस?"

गायकवाडचा घसा नळीने सोलला होता. तो कसाबसा बोलला, "लवकर विचारलंस."

गोदाम रिकामं झालं. शेवटचे ड्रम परबने दुसऱ्या जोडीदाराबरोबर भरले. शेडचे पत्रे भंगारवाल्याने नेले. गायकवाड घरी आला, पण त्याच्या डाव्या पायाची संवेदना पूर्ण परतली नाही. काठी घेऊन चालायचा. चप्पल निघून पडली तरी कळायचं नाही, मागून कुणीतरी ओरडून सांगायचं. नुकसानभरपाई, कोर्ट, त्याची वेगळी कथा आहे आणि ती इथे सांगून मला चिडायचं नाही. परबने मात्र एक नेम लावून घेतला. रोज सकाळी फोन करायचा. गायकवाडने उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही. "तोंडान सांग." आणि गायकवाड सांगायचा. झोप लागली का, साखर किती, पाय कसा. वैशाली मला म्हणायची, पप्पा इतकं तर डॉक्टरलाही सांगत नाहीत.

या उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजत राहिला. गायकवाड झोपेतच गेला होता. हृदय थांबलं, डॉक्टर येऊन बघून गेले. वैशालीने मला बोलावलं. मी घाटकोपरला पोचले तेव्हा त्याला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या होत्या. परब आला तेव्हा त्रिशरण-पंचशील म्हणणं चालू होतं. तो पायऱ्या चढून धापा टाकत होता. त्याला ते म्हणता येत नाही, तो हात जोडून उभा राहिला. ते संपल्यावर डोक्याशी जाऊन बसला. रडत नव्हता.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, बघू?"

काय बघायचंय ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. माणूस गेल्यावर बाहुल्या बहुधा मोठ्याच असतात. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. मी मान हलवली. मिलिंद काहीतरी बोलायला पुढे आला, वैशालीने त्याचा हात धरला.

परब वाकला. खिडकीतून ऊन येत होतं, त्याने आपल्या खांद्याची सावली गायकवाडच्या तोंडावर पाडली. अंगठ्याने हळूच पापणी वर केली. या वेळी त्याने घाई केली नाही. एक डोळा बघितला, दुसरा बघितला, आणि दोन्ही पापण्या नीट मिटवल्या.

"मोठे आसत," तो म्हणाला. हात गायकवाडच्या कपाळावर तसाच होता. "जा."